समोरून उघडणारं

जिनिंगला आग लागली तेव्हा मी एक बाही उसवत बसले होते.
भोंगा अवेळी वाजला
आणि वाजतच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत मदत येऊ लागली.
शाली आल्या. जरीच्या साड्या आल्या.
कुण्या दुकानदारानं न खपलेले लहान मापाचे बूट पाठवले.
आणि केळी, एवढी केळी
की चौथीच्या वर्गात माशांचीच शाळा भरली.
देणाऱ्यांचं मन मोठं होतं, खोटं कशाला बोलू.
विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

विचारलं दगडूबाईनं.
तिची सून परभणीला, जळीत वॉर्डात.
सिस्टरला म्हणाली, "काय आणू ते सांगा बाई,
लिहिता येत न्हाई मला, पण ध्यानात ऱ्हातं."
रातच्या एसटीनं परत आली, माझ्या उंबऱ्यावर बसली
आणि पाढ्यासारखं म्हणून दाखवलं:
कापड सुती. जुनं. धुऊन धुऊन मऊ झालेलं.
समोरून उघडणारं.
बटण नको, हुक नको. नाडी.
शिवण बाहेरच्या अंगाला.

शिवण बाहेरच्या अंगाला!
बावीस वर्षं मशीन चालवते मी,
शिवण लपवायची असते
एवढंच शिकले होते.

मग घरोघर फिरलो, जुनी धोतरं मागत.
लोक लाजायचे. "जुनं कसं द्यावं? नवंच घ्या की."
सगळ्यांना तेच तेच समजावून घसा बसला.
शेवटी रंगनाथ मास्तरांनी अंगणात जाऊन
वाळत घातलेलं धोतर तारेवरून ओढलं, ओलंच हातात दिलं.
मेहमूदाआपानं नमाजाची पांढरी ओढणी दिली,
काठाची लेस स्वतः कापून, कारण लेस टोचते.
चोवीस झगे झाले. मोठ्या पातेल्यात उकळले,
उन्हात वाळवले, कोऱ्या पिशवीत बांधले.

मुंजाजी गेला त्या आगीत.
त्याची आई पाचव्या दिवशी आली, काही बोलली नाही,
नाड्या वळत बसली.
"राहू द्या काकू" असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं.
मिटून घेतलं.

दिगंबरनं झेरॉक्सचं दुकान रात्री बारापर्यंत उघडं ठेवलं.
रेशनकार्ड, पासबुक, मस्टरचा कागद,
"तीन मागतेत, तुम्ही पाच न्या," म्हणायचा,
गल्ल्याला कुलूप.
अफसर रिक्षावाला
"काही लागलं तर सांगा" असं एकदाही म्हणाला नाही.
"सकाळी सहाला दारात उभा ऱ्हातो," म्हणाला.
राहिला. पुढच्या महिन्यातही राहिला.

तेरावं झालं तशी माणसं आपापल्या कामाला लागली.
लागणारच. कापूस काय, कुणासाठी थांबतो?
मास्तरीणबाईंनी तेव्हा वही काढली,
दवाखान्यातल्या डब्यांची.
माघापर्यंत नावंच नावं.
फाल्गुनाचं पान कोरं होतं.
चैत्रात कोण, असं त्या दारोदार विचारत फिरल्या,
आत्ता दिलेल्या डब्यापेक्षा
तेव्हाचा डबा मागत.
त्या संक्रांतीला बायांनी वाण म्हणून
माझ्या ओटीत पांढऱ्या दोऱ्याची रिळं घातली.

सून परत आली तेव्हा लिंबं मोहरली होती.
आली ती झग्यातच, माझ्या.
पोरं म्हणाली, काकूनं उलटा घातलाय.
ती हसली. एका बाजूनं हसता येतं तिला.

मग म्हणाली, "आता ब्लाउज शिव. साधाच.
भावाकडं साखरपुडा आहे."
मी टेप उचलला.
बावीस वर्षांत कुणाच्या खांद्यावर टेप ठेवताना
हात थांबला नव्हता.
"कुठं दुखतं?" मी विचारलं.
तिनं माझं बोट धरलं
आणि हळूहळू
माप सांगू लागली.