मेणात

निवतीला ती पोरगी आली तेव्हा
मी कोलंबी सोलत होते.
हातात फाइल, चपला वाळूत रुततायत,
दर चार पावलांना सॉरी म्हणत होती,
कुणाला, ते कळलं नाही.

तुमच्या आईचा तुकडा आहे आमच्याकडे, म्हणाली.
मेणात. नखाएवढा. नंबर चारशे सतरा.
नऊ वर्षं झाली.

आईला आम्ही सगळीच्या सगळी जाळली
असं धरून चाललो होतो.
भाऊ कर्लीच्या खाडीत छातीभर पाण्यात गेला,
मडकं उलटं करून दाखवलं त्यानं.
काही राहिलं नाही.

ऑपरेशनच्या कागदावर तिचा अंगठा.
पुसट, मधोमध चीर,
सुरमईच्या पाठीवर कोयता घसरला होता तेव्हाची.
होय, तिचाच.
त्याच्या वर बारीक अक्षरात छापलेलं,
काढलेल्या भागाचं पुढे काय काय करता येईल.
हे तिला वाचून कुणी दाखवलं?
पोरगी फाइलकडे बघत म्हणाली, तशी नोंद नाही.

आता नवी तपासणी करायची आहे.
आईत जे सापडेल ते तुमच्यात असू शकतं,
ताईंच्या मुलीतही.
सर म्हणाले, घरातल्या एकाची सही पुरेल.

एकाची.
भाऊ म्हणाला, कर सही,
मेलल्या माणसाक काय दुखतला?
बाबा भिंतीकडे तोंड करून: परत हाडा. जाळूया.
ताई वास्कोहून फोनवर:
काय गावला तर माका सांगू नको,
चेडवाचा लगीन ठरता हा.

रापण ओढली की आमच्याकडे
दोरीला हात लावलेल्या पोरालाही वाटा असतो,
आणि वाळूवर मोजणी होईपर्यंत
टोपलीला कुणी शिवत नाही.
पण नखाएवढ्या आईचे वाटे कसे घालायचे?
ताईचं नको किती वजनाचं?

हात धुवून येते म्हटलं.
तीनदा साबण लावला, वास गेला नाही.
न्हाणीत आठवलं:
आई स्वतःच्या भावाच्या टोपलीतून बांगडा उचलतानासुद्धा
आधी विचारायची, घेव?
तो हसायचा. ती थांबायची,
तो हो म्हणेपर्यंत हात हवेत.

बाहेर येऊन म्हटलं, रविवारी ये.
ताई येईल, भांडण होईल, तू बस.
तोवर कापू नका.

तिनं फॉर्मच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं: थांबणे.
मग चपला हातात घेऊन
अनवाणी गेली रस्त्यापर्यंत.