वर जाणारा जिना

चार छटांचं जग, तेही शेवाळलेलं.
पडद्याला स्वतःचा उजेड नाही,
म्हणून खिडकीशी सरकायचं
आणि बाहेरच्या बर्फाच्या उजेडात खेळायचं.
चार पेन्सिल सेल. लाल दिवा मंदावू लागला
की जीव मुठीत.

खेळ तसा साधा.
तू एक पाऊल टाकलंस की भुयारही एक पाऊल टाकतं.
तू थांबलास की राक्षसही थांबतो,
उगारलेली कुऱ्हाड तशीच हवेत;
चहा पिऊन ये हवं तर, तो कुठे जात नाही.
घाई असते ती फक्त तुझी.

पोट शंभरावर सुरू होतं,
दर दहा पावलांनी एक उणं.
कुप्यांवर नावं नसतात:
पिऊन पाहायचं, आणि मग कळतं,
जखम भरली की डोळे गेले.
गुंडाळी वाचलीस तर कधी खोली उजळते,
कधी अख्खा मजला जागा होतो.
आणि मेलास, तर पुन्हा पहिली पायरी, रिकामे हात,
भुयार नव्याने खोदलेलं.
कालचा नकाशा आज रद्दी.

असे सत्तावीस मजले. तळाशी मुकुट.

मी बारा वर्षांचा होतो.
शिरानुमाची खाण त्याच शरदात बंद पडली,
आणि गाव सोडताना कुणीतरी हा खेळ
हामाजीबाईंच्या दुकानात विकून गेलं.
मी दगडासारखा खाली जायचो.
सातव्यावर विंचू, नवव्यावर भूक,
एकदा अकराव्यावर, स्वतःच फेकलेल्या आगीत.

एका सकाळी बाबा म्हणाले, दाखव.
सव्वीस वर्षं कोळशाच्या थरात गेलेला माणूस.
चष्मा लावला, पडदा तिरका धरला,
आणि पहिला प्रश्न:
"वर यायचा जिना कुठाय?"

मी कधी पाहिलाच नव्हता.
होता. प्रत्येक मजल्यावर होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबा
सात वाजता शेगडीच्या मेजाशी बसू लागले,
शेजारी भाताचा डबा.
खोलीच्या तोंडाशी एक चाल थांबायचे,
तलवारीने भिंत ठोकायचे, मग पुढे.
पोट पन्नासावर आलं की मागे वळायचे.
अर्धी भाकरी जायची, अर्धी यायची.
तिसरा मजला. फार तर चौथा.
दोन नाणी, एक गंजकी ढाल घेऊन वर,
खटका बंद,
आणि मग मोरीत जाऊन
ब्रशने नखं घासायचे,
नखांत काही नसताना.

आई मासळीच्या कारखान्यातून यायची.
"आज किती?"
"तीन."
"आलात ना वर," म्हणायची,
आणि बुटांवरचा बर्फ झाडायची.

मला लाज वाटायची त्यांच्या खेळण्याची.
एकदा म्हणालोच, बाबा, खाली मुकुट आहे!
त्यांनी मान वर केली नाही.
"असेल. खाली नेहमीच काहीतरी असतं."

आता मी साप्पोरोत असतो,
लोकांच्या लिफ्ट तपासतो.
परवा खोक्यात तो खेळ सापडला,
आतला बटणाएवढा सेल, नवलच, अजून जिवंत.
हिशेबाचं पान उघडलं.
त्सुगुओ: उतरला दोनशे अकरा वेळा,
मेला दोनशे अकरा.
कानेमात्सू: उतरला एक हजार चारशे सहा,
वर आला एक हजार चारशे सहा.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिलो.
मग त्यांच्यासारखं खेळून पाहिलं.
दाराशी थांबलो. भिंत ठोकली.
पोट पन्नास झालं तेव्हा तिसऱ्या मजल्यावर होतो,
वळायचंच होतं,
पण खालचा जिना समोरच होता,
दोन पावलांवर.

पाचव्यावर मेलो.

उठलो, नळ सोडला,
आणि हात धुतले.