सदतीस मिनिटं

पहाटे पाचला आम्ही कुत्री मोजायला निघतो.
मानकापूरचा चौक, काटोल रोड, मग जंगलाची जाळी,
जिथे शहर संपतं असं फक्त नकाशाला वाटतं.
स्कूटर शेषराव मडावी चालवतात. मी मागे,
मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ,
बर्फात अजून काहीच नाही.

पद्धत साधी आहे.
काल पकडलं, लस टोचली, पुढच्या पायातून दोन मिली रक्त,
पाठीवर निळा पट्टा
(मेंढ्यांना लावतात तोच रंग)
आणि दिलं सोडून.
आज नुसतं बघायचं: दिसली किती, त्यांत निळी किती.
काल एक्केचाळीस रंगवली.
आज साठ दिसली, निळी बावीस.
म्हणजे सगळी मिळून एकशे बारा,
थोडी इकडे, थोडी तिकडे.

"एकशे बारा काहून?" शेषराव म्हणतात, "मले त् साठच दिसले."
"बाकीची आहेत."
"कुठी?"
मी हात फिरवते: नाला, ढाब्याची मागची बाजू,
अर्धवट बांधलेल्या स्कीमचे पिलर.
"म्हणजे देवावानी," ते म्हणतात
आणि तंबाखू मळायला लागतात.

जुलेखाबींच्या चिकनच्या दुकानापुढे आमचे नंबर चालत नाहीत.
तिथे चौदा म्हणजे मंत्री, तेवीस म्हणजे लंगडी,
आणि सतरा, बारकी, पिवळसर, एक कान फाटलेला,
ती बॅटरी,
अंधारात हिचेच डोळे सगळ्यात आधी पेटतात म्हणून.
पकडताना बॅटरी चावली नाही.
नुसती बघत राहिली माझ्याकडे,
उधारी मागायला आलेल्याकडे बघतात तशी.

तिच्या रक्तात डिस्टेंपरची सही निघाली.
आजार येऊन गेला की आहे अजून,
हे सही सांगत नाही.

पाणवठ्यावरचा कॅमेरा मात्र वेळ सांगतो.
रात्री दोन वाजून दहा मिनिटं: बॅटरी.
पाठीवरचा निळा पट्टा अंधारात राखाडी.
दोन सत्तेचाळीस: बिबट्या.
तोच दगड, तीच मान खाली,
जिभेनं पाण्याला दिलेला तोच वळसा.
मधल्या सदतीस मिनिटांचा फोटो नाही.
कॅमेरा हलणाऱ्यालाच ओळखतो,
आणि जे मला शोधायचं आहे
ते हललं तरी त्याला कळत नाही.

विषाणू पाण्यात फार वेळ टिकत नाही, असं पुस्तक म्हणतं.
फार म्हणजे किती, हे सांगायच्या आत
पुस्तकातलं प्रकरण संपतं.
मी सरांना फोटो दाखवले. सर म्हणाले,
"पाण्याचं सोड. बिबट्या काय फक्त पाणीच पितो?"

मंगळवारपासून बॅटरी आलेली नाही.
जुलेखाबींनी तिच्या वाटची आतडी वेगळी ठेवली,
दोन दिवस ठेवली,
तिसऱ्या दिवशी मंत्र्याला घातली.
मला म्हणाल्या, "तुम्हारे कागज में उसका क्या लिखते?"
कागदावर रकाना आहे: दिसली, नाही दिसली.
नाही दिसलीवर मी खूण केली.
एवढ्या लहान चौकोनात
एक रस्ता ओलांडणारा ट्रक मावतो,
एक नवा मालक मावतो, एक ताप,
आणि जाळीच्या पलीकडे सावकाश अंग चाटणारं
एक अख्खं ठिपक्यांचं जनावर मावतं.

त्याचं रक्त कोण घेणार?
त्याच्या पाठीवर पट्टा कोण ओढणार?
शेषराव म्हणतात, "तुम्ही ओढा. मी गाडी चालू ठेवतो."

दहा वाजता ऊन चढतं, बर्फाचं पाणी होतं,
नळ्या आत एकमेकींवर किणकिणतात.
चौकात सिग्नलला थांबलो तर
एक अनोळखी काळं कुत्रं जवळ आलं.
माझा तळहात हुंगला.
त्यावरचा निळा डाग साबणानंही जात नाही, आठवडा झाला.
त्यानं पुन्हा हुंगला, मान वर करून पाहिलं,
आणि निघून गेलं,
जणू त्याच्या मोजणीत
खूण असलेली एक
दुसऱ्यांदा सापडली होती.