ओसिकोव्काची नोंदवही

उंची सातशे अठरा मीटर,
चर्चच्या उंबऱ्यावर मोजलेली.
जळितानंतर तिथे नवा दगड बसवला, तो वीतभर जाड निघाला,
तेव्हापासून गाव वीतभर उंच आहे
आणि वहीतला जुना आकडा खोटा.
मी तो खोडलेला नाही.
समुद्र पाहिला तो इथून गेलेल्यांनी,
आणि गेलेले उंचीबद्दल काही कळवत नाहीत.

ओढ्याला नकाशावर नाव आहे,
आम्ही त्याला ओढाच म्हणतो.
खिंडीपलीकडे पोलंड.
आमच्या गाई चुकल्या की परदेशात चुकतात,
मग डेमेटर काठी घेऊन निघतो, पासपोर्टशिवाय,
आणि संध्याकाळी दोन भाषांत शिव्या देत परततो.

पहिली नोंद सहाशे वर्षांमागची.
कुणा सरदाराच्या कारकुनाने लॅटिनमध्ये एकच ओळ लिहिली:
चुली वीस, पैकी तीन ओस,
ओस चुलींवर कर नाही.
म्हणजे आमची सुरुवातच वजाबाकीने.

पुढे पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाने
एका हिवाळ्यात एकसष्ट माणसं नेली.
परतला एकटा पेत्रो हुसनाय,
भिंतीवरचं घड्याळ आणि खोकला घेऊन.
घड्याळ पंचायतीत आहे. चालतं.

चव्वेचाळीसच्या शरदात
आघाडी वरच्या कुरणावर येऊन थांबली.
त्या वर्षाचं पान वहीत नाही.
माझ्या आधी वही लिहिणारे गोराझ्द मास्तर म्हणायचे,
फाडलेलं नाही, लिहिलंच नव्हतं.
पण तिथे शिवणीचा धागा सैल आहे,
बोट लावलं की कळतं.

मी हेडविगा. सत्तावीस वर्षं ही वही लिहिते.
शाळा बंद झाली ते लिहिलं,
उरलेली दोन मुलं कुठल्या बसने जातात तेही.
वरच्या बांधांवर हेझलची झुडपं चढली.
जिथे माझी आई ओट कापायची
तिथे आता अस्वलाची विष्ठा सापडते, आलुबुखाऱ्याच्या बियांनी भरलेली.
हे मी भूगोलात लिहावं की इतिहासात,
कळेना, म्हणून समासात लिहिलं.

मग आली शिरगणती.
कॉम्प्युटर पंचायतीत एकच, तो माझ्या टेबलावर.
धुराडी मोजली तर अकरा.
डोकी मोजायला मात्र वेळ लागला.
डेमेटरला कोशित्सेच्या मुलाने थंडीपुरतं नेलं होतं,
तो फोनवर ओरडला, मी इथे राहत नाही, मी इथे बसलोय!
त्याला मोजला.

नियम असा, की गणतीचा क्षण एकच:
नव्या वर्षाची मध्यरात्र.
त्या क्षणी जो जिवंत, तो माणूस.
मिखाल त्सुप्रिक गेला पहाटे तीनला.
परास्का दाराशी आली, डोक्याला काळा रुमाल,
बुटांवरचं बर्फ न झटकता उभी राहिली.
म्हणाली, त्याला लिहू नकोस, खोटं होईल.
मी म्हटलं, न लिहिलं तर खोटं होईल.
बराच वेळ आम्ही पेत्रोचं घड्याळ ऐकत बसलो.

जमीन गोठलेली. खड्डा खणण्याआधी
दोन रात्री तिच्यावर बीचचे ओंडके जाळावे लागले.
त्यातल्याच एका रात्री, गावाच्या खालच्या टोकाला,
ते शेळ्यांवाले ब्रातिस्लावाचे जोडपे,
त्यांना मुलगी झाली. अँब्युलन्स वळणावर अडकली होती.
तिला मोजता येणार नाही. दहा वर्षं ती सरकारी हिशेबात नाही
आणि मिखाल आहे.

लोकसंख्या: अडतीस.
शाई कोरडी होईपर्यंत मी पान मिटलं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी पावाची गाडी येते,
लिंडनखाली थांबून तीनदा भोंगा वाजवते.
गाडीवाल्याची स्वतःची गणती असते,
आदल्या दिवशीच ठरवून तितकेच पाव आणतो.
त्याने परास्कापुढे एक पाव धरला.
ती म्हणाली, दोन.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
कोंबड्यांना, ती म्हणाली,
आणि सुटे पैसे मोजत राहिली.