खडूच्या रेघा

रविवारी चर्चच्या घंटेआधी
आमच्या गल्लीत लाकडी पेट्या येतात.
बुटांच्या खोक्याएवढ्या, पुढून गजांच्या,
कालव्याच्या कडेने ओळीत मांडलेल्या,
आणि प्रत्येकीसमोर स्टुलावर एक म्हातारा,
हातात लांब काठी अन् खडू.

लाल निशाण खाली आलं की तास सुरू.
आतला फिंच जितक्यांदा गाईल तितक्या रेघा.
पण गाणं 'सुस्केव्हीट'वरच संपायला हवं.
शेवटचं 'व्हीट' गिळलं, तर रेघ नाही.
ओडिल म्हणतो, फ्रेंच मुलखातले फिंच ते हमखास गिळतात.
पाखरांनाही बोलीवरून हिणवणारी माणसं आम्ही.

चाळीस वर्षं मी ह्या पाखरांवर खार खाऊन होते.
लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी
पावाला लावायला लोण्याचा डबा उघडला,
आत अळ्या वळवळत होत्या.
लेकीच्या बाप्तिस्म्याला हा उशिरा आला,
बाहीला खडू, तोंडावर पाचशे बारा रेघांचं हसू.

पाण्याची वाटी गरम पाण्याने धुवायची, साबण नाही.
वाळू चाळून घ्यायची.
नवं पाखरू आणलं की
जुन्या गवयाच्या पेटीशेजारी ठेवायचं, नुसतं ऐकायला,
वर कापड.
ते कापड रोज एक बोटभर सरकवायचं.
मला ह्या घरात असं हळूहळू उजेडात
कुणी आणलं नव्हतं.

ह्याच्या आजोबांच्या काळी
फिंचचे डोळे तापल्या सुईने मिटवायचे,
अंधारात पाखरू जास्त गातं म्हणून.
ती सुई खणात आहे अजून, दोऱ्यांच्या रिळांखाली.
ओडिल ती फेकत नाही.
मी शिवायला घेतली एकदा,
तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातातून काही हिसकावलं त्यानं.

मार्चमध्ये पेटी पुसता पुसता म्हणाला,
'आज गप्प आहे गं हा.'
पाखरू गात होतं. घसा फुगवून गात होतं.
मी काही बोलले नाही, चहाचं पाणी ठेवलं.
उंच सूर आधी जातात, डॉक्टर म्हणाले.
ट्रॅक्टर ऐकू येतो. मी ओरडले तर येतं.
'व्हीट' येत नाही.

आणि नियम असा, की आपलं पाखरू आपण मोजायचं नाही.
त्या रविवारी ह्याच्यापुढे आलिडोरची पेटी आली,
तोच आलिडोर, ज्यानं आमच्या कुंपणाची हातभर जमीन खाल्ली.
ओडिल खडू धरून बसला,
पेटीकडे असा बघत, की बघून ऐकू येईल.
काठी कोरी.

मी शाल सावरत मागे जाऊन उभी राहिले.
उजव्या खांद्याच्या खाली, जिथं त्याचा कोट विरलाय,
तिथं बोट टेकवलं.
एक.
तो दचकला नाही.
खडू खाली ओढला गेला.

तासभर.
ज्या गाण्याचा मी कान झाकून दुस्वास केला
त्याचा शेवट किती बारीक असतो,
पाऊण सेकंदात काय काय असतं, कळलं.
एकदा आलिडोरच्या पाखरानं शेवट अर्धवट सोडला.
कुंपण आठवलं. द्यायची की नाही?
नाही दिली. मग नुसतं कुंपणासाठी नाही दिली की काय,
म्हणून पुढचं नीट झालेलं गाणं जरा जोरात टेकवलं.
ओडिलनं मान किंचित वळवली,
जणू विचारलं, ओरडतेस कशाला.

तीनशे अठ्ठ्याऐंशी.
आलिडोर दुसरा आला. हॅमचा तुकडा घेऊन गेला,
आमच्याकडे न बघता.

आता ऑगस्ट. पिसं झडतात.
फिंच पेटीच्या कोपऱ्यात फुगून बसतो, गात नाही.
ह्या दिवसांत उकडलेलं अंडं, काकडीची चकती,
आणि कुणी त्याला काही मागायचं नाही.

पहाटे ओडिल कूस बदलतो, पाठ माझ्याकडे.
झोपेतही तो उजवा हात जरा पुढे ठेवतो,
काठी धरल्यासारखा.
घरभर शांतता.
मी बोट उचलते.
एक देते.
खोटी.