दमट

कुशिरोच्या बंदरावर धुकं बसलं
की दोरीवर काही वाळत नाही.
तोकुए पिशवी उचलून लाँड्रीत येते.
ड्रायरला शंभर येन, दहा मिनिटं.
भिंतीपलीकडे गेमचं दुकान,
तिथेही शंभर येन,
आणि तिची पहिली लढत
अकरा सेकंदांत आटोपली.

ऊब घ्यायला शिरले होते, असं ती अजून सांगते.

एकतीस वर्षं कारखान्यात तारल्या साफ केल्या तिने,
डोकं, आतडी, पाणी, पुढची.
कारखाना गेला, बोटं राहिली.
सहा बटणं, त्यात काय एवढं?
तिने बडव बडव बडवलं.
पडद्यावरचा तिचा पैलवान
हवेला लाथा घालत राहिला
आणि समोरचा दोन पावलं मागे सरकून,
वेळ बघून,
एकच ठोसा.

इथे कच्चं लिंबू कोणी नसतं.
अठ्ठावन्न वर्षांच्या बाईलाही नाही.

दुकान झाडणारा कानामे केरसुणी टेकवून म्हणाला,
"मावशी, आधी दांडी मागे ओढा."
"पळून जाऊ?"
"अडवा. वरून आलं तर उभ्याने,
पायाशी आलं तर बसून."
"आणि मारू कधी?"
"त्याचा मोठा वार अडला
की हात परत घ्यायला त्याला वेळ लागतो.
तेवढं राज्य तुमचं."
तेवढं म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही.
केर भरला आणि गेला.

मग आठवडाभर ती नुसती अडवत बसली.
बसल्या बसल्या मेली.
शुक्रवारी कळलं,
नुसतं अडवणाऱ्याला उचलून आपटतात.
ह्यावरही उपाय होता. त्यालाही शंभर येन.

घरी सूप ढवळताना पळी
खाली, तिरपी, पुढे.
खाली, तिरपी, पुढे.
"मिसो केव्हाच विरघळलाय," गेंझो म्हणाला.
तिने पळी डाव्या हातात घेतली,
कारण उडी मारून बाजू पालटल्या
की हे सगळं उलटं करायचं असतं
आणि ते तिला अजिबात जमत नव्हतं.
ओट्यावर शिंतोडे उडाले.

यंत्राच्या पाठीला पाठ लावून दुसरं यंत्र.
समोरचा दिसत नाही.
गुरुवारी येतो तो खोकतो,
त्याच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास
पडद्यावरून अलीकडे येतो,
त्याचे पैसे कधी संपत नाहीत.

त्या गुरुवारी तो तीच लांब लाथ घेऊन आला.
तिचे हात शिवशिवले,
पट्ट्यावरून मासा पुढे सटकताना शिवशिवायचे तसे.
तिने काही दाबलं नाही.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
हात कामावर असून रिकामे.
लाथ तिच्या कोपरावर थडकली,
त्याचा पाय हवेत जरासा जास्त रेंगाळला,
आणि तिने
एकच.

तो आडवा झाला.

पलीकडून आवाज आला, "हं."
पुढच्या दोन फेऱ्यांत त्याने तिला धुऊन काढलं,
पिळून वाळतही घातलं म्हणा.
पण ते "हं" तिच्याकडे राहिलं.

ती उठून मागे गेली.
स्टूल रिकामं, बसका अजून गरम,
आणि बटणांच्या कडेला शंभर येनचं एक नाणं.
विसरला?
की पुढच्या डावाचं बोलावणं?
कानामे लांबून बघत होता. तिने नाण्याला हात लावला नाही.
फक्त कडेवरून ढळू नये म्हणून
एका बोटाने थोडं आत सरकवलं.
आता ह्याला हात लावणं म्हणायचं असेल तर म्हणा.

ड्रायर केव्हाचा थांबला होता.
तिच्या पर्समध्ये पाच येन.

रात्री गेंझोने चादर नाकाला लावली.
"ही दमट आहे."
तोकुए अंधारात पडून होती,
अंगठा पांघरुणाखाली हळूच फिरत,
खाली, तिरपा, पुढे.
"दम धर," ती म्हणाली.