पस्तीस अंश

माळ्यावरचं पुस्तकांचं कपाट इड्वलने एकट्यानेच उतरवलं.
जिन्यात दोनदा अडकलं,
तिसऱ्यांदा भिंतीचा पोपडा घेऊन सुटलं.
स्वयंपाकघरात त्याने ते पाठीवर झोपवलं,
फळ्या उपसल्या. उरली एक उथळ होडी,
लांबी सहा फूट, आत माणूस मावेल एवढी.
हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं.
कुणी बोललं नाही.

काच नको, तो म्हणाला, काच त्यांना कळत नाही.
पलीकडचं दिसतं म्हणून पिल्लं चालतच राहतात
एकाच जागी, नखं झिजेपर्यंत.
मी भांडी विसळता विसळता खिडकीबाहेर पाहिलं.
पाऊस होता. वेल्सच्या या कोपऱ्यात तो असतोच,
त्याचं कुणी नावही काढत नाही.

दोन भाग माती, एक भाग वाळू.
माती चाळून घेतली,
माझ्या केकच्या पिठाच्या चाळणीने.
मला ते कळलं रविवारी, केक खाताना.

मग दगड हवा होता. सपाट, ऊब धरून ठेवणारा.
आमच्याकडे दगडाला काय तोटा!
छपरं पाटीदगडाची, कुंपणं पाटीदगडाची,
गावामागे टाकाऊ दगडांचे डोंगराएवढे ढीग,
त्यात कुठेतरी याची चाळीस वर्षं.
तरी तो अख्खी सकाळ त्या उतारावर फिरला
आणि बशीएवढा एक तुकडा
कोटाच्या आत, छातीशी धरून घेऊन आला.
दुपारभर त्याची कड घासत बसला.
पोटाला लागायला नको, म्हणाला.
या हातांनी दगड फोडताना मी खूप पाहिलंय.
दगडाची धार मारताना पहिल्यांदाच.

दिव्याखाली पस्तीस अंश, दुसऱ्या टोकाला वीस,
म्हणजे ज्याला ऊन नको त्याला सावली.
आमचं घर सोळावर चालतं.
बिल आलं की पंधरावर.

तीस वर्षं हा माणूस ज्या डँडेलियनच्या मुळावर उठला होता
त्याच्याभोवती आता त्याने जाळी उभारली आहे,
शेजारणीची कोंबडी शिरू नये म्हणून.
माझ्या डॅफोडिल्सना परसातून हद्दपारी. विषारी आहेत.
लग्नात माझ्या हातात तीच होती.

पिल्लं देणाऱ्या मिसेस प्रॉसरने एक फॉर्म पाठवला.
शेवटचा प्रश्न: तुमच्यानंतर कोण?
हे प्राणी ऐंशी वर्षंसुद्धा जगू शकतात.
इड्वल एकाहत्तरचा.
पेन कागदावर टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग तो तसाच उठला, चपलांवरच, शेजारी गेला.
गेथिन, वय वर्षं नऊ, सायकलची साखळी बसवत होता.
"माझ्या मागे दोन कासवं सांभाळशील?"
गेथिनने हाताचं तेल चड्डीला पुसलं.
"किती वाजता?"

ती आली लोण्याच्या डब्यात, ओल्या कागदावर,
जिंजर बिस्किटाएवढी.
स्वयंपाकाच्या काट्यावर एक एकोणतीस ग्रॅम, दुसरं एकतीस.
कोमट पाण्याच्या बशीत ठेवली
तेव्हा दोघंही मान बुडवून प्यायली, बराच वेळ,
जणू इथवरचा रस्ता पायी तुडवला होता.
एक सरळ कोपऱ्यात गेलं आणि मातीत शिरलं,
त्याला आमची ओळख करून घ्यायची नव्हती.
दुसरं दगडावर चढलं. पहिल्यांदा घसरलं.
इड्वलचा हात पुढे गेला, थांबला,
परत खिशात गेला.
मग ते वर पोचलं, मागचे पाय पसरले, डोळे मिटले.

आठ वाजता टायमर टक् करतो आणि सूर्य मावळतो.
सातपासून आम्ही खुर्च्या ओढून तिथे बसतो.
लक्ष ठेवायला, इड्वल म्हणतो.
मी लोकरीचे हातमोजे काढून
मांडीवर ठेवते.